हातात पाना : क्लचने हवा धरली तर



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुतेक पत्रे मिक्सर, पंखा, इस्त्री आणि पाण्याच्या मोटारीची असतात. अशोक विजयादशमीच्या आधी पंधरा दिवसांवर आलेले एक पत्र मात्र वेगळे होते. हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याहून एका मुलीने वहीचे पान फाडून लिहिले होते. अक्षर नेटके, मजकूर रोखठोक. तो थोडक्यात असा :

"काका, आमच्या दादाकडे जुनी सुमो आहे. मायने बचत गटातून कर्ज काढून घेऊन दिली. दादा नांदेडला दवाखान्याचे पेशंट नेतो, लग्नाच्या वऱ्हाडाला जातो. पंधरा दिवस झाले, गिअर पडताना करकर आवाज येतो. क्लचचे पेडल अर्ध्यापर्यंत नुसतेच खाली जाते. गॅरेजवाला म्हणतो, क्लच प्लेट गेली, प्रेशर प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, नऊ हजार लागतील. दीक्षाभूमीला जायला वस्तीतल्या नऊ जणांनी पैसे जमा केले आहेत. ते पैसे गाडीला लावले तर डिझेल कशाने भरायचे? आणि गाडी नाही निघाली तर आमच्या म्हाताऱ्या आत्याला कोण नेणार? तिला एस.टी.त चढता येत नाही. प्लेट खरेच गेली आहे का, हे घरी कसे ओळखायचे, ते सदरात लिहा."

सदरात लिहून अंक तिच्या हाती पडेपर्यंत विजयादशमी उलटून गेली असती. म्हणून उत्तर लिहिण्याऐवजी रविवारी सकाळी मीच नांदेडहून वारंग्याकडे जाणारी गाडी पकडली. आयुष्य एस.टी.च्या आगारात पाने फिरवण्यात गेले. गाडी न बघता औषध सांगणे मला जमत नाही.

डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातले गाव. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सारा भाग परभणीत होता. आजूबाजूला ऊस, केळी, हळद. म्हणजे पाण्याच्या मोटारी घरोघर आणि मोटारीचे रडगाणेही घरोघर. हे सांगण्याचे कारण की, क्लचचे दुखणे समजावून सांगायला मला त्या मोटारीचाच उपयोग झाला.

गाडी दारातच उभी होती. सुमो आता नवीन मिळत नाही. 1994 ला ती बाजारात आली आणि 2019 ला तिचे उत्पादन थांबले. तिचे नाव जपानी पैलवानांवरून ठेवले असे बऱ्याच जणांना वाटते. ते नाव आहे सुमंत मुळगावकरांचे. टाटांच्या मोटार कारखान्याची उभारणी करणारे हे मराठी इंजिनिअर; त्यांच्या नावाची पहिली दोन आणि आडनावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरे मिळून सुमो झाले. असो. या सुमोच्या बोनेटवर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत 'जयभीम' लिहिलेले होते. ते अक्षर लक्षात ठेवा, त्याचा संबंध पुढे येणार आहे.

सगळ्यात आधी मी पेडलखालची चटई काढून बाहेर टाकली. मुलगी हसली. हसण्यासारखे काही नाही. जाड रबरी चटईवर वरून गालिच्याचा तुकडा टाकायचा आणि मग पेडल तळापर्यंत जात नाही म्हणून गिअरबॉक्स उतरवायचा, असे प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. इथे मात्र चटईचा दोष नव्हता.

मग दादाला इंजिन चालू करायला लावले. क्लच पूर्ण दाब, चार-पाच सेकंद थांब, आणि रिव्हर्स टाक. करकर आवाज आला. आता पेडल भराभर चार वेळा मारून पाचव्यांदा दाबून धर आणि टाक. गिअर मुकाट्याने पडला. तिथेच निम्मे उत्तर मिळाले.

क्लचची दुखणी मुख्यतः दोन, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पहिल्यात क्लच धरत नाही : चढावर इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, जळका वास येतो. ते प्लेट झिजल्याचे लक्षण. दुसऱ्यात क्लच सोडत नाही : पेडल दाबले तरी इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून पुरते सुटत नाहीत, म्हणून गिअर टाकताना दाते किरकिरतात, रिव्हर्समध्ये सर्वांत जास्त. दादाला विचारले, "गाडी भरून चढावर जाताना इंजिन नुसतंच ओरडतं का?" तो म्हणाला, "नाही काका, ओढायला तर जबर हाय. फक्त गिअरच पडंना." ओढायला जबर असलेल्या गाडीची प्लेट झिजली म्हणून नऊ हजार मागणे म्हणजे खोकल्याच्या रोग्याचा पाय कापण्यासारखे आहे. गॅरेजवाल्याची नियत वाईटच होती असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा कारण शोधत बसण्यापेक्षा सगळेच बदलून टाकणे सोपे वाटते. पण त्या सोपेपणाचे पैसे बचत गटाच्या हप्त्यातून जातात.

पेडल पंप केल्यावर गिअर पडतो याचा अर्थ काय? इथे मी मोटारीचा दाखला दिला. विहिरीवरची मोटार हवा धरते तेव्हा काय होते? मोटार फिरते, आवाज करते, पाणी मात्र चढत नाही. पाइपातली हवा काढून पाणी भरले की तीच मोटार धो-धो पाणी फेकते. सुमोसारख्या गाडीत क्लचचे पेडल आणि क्लच यांच्यामध्ये तार नसते, नळीत भरलेला द्रव असतो. पेडल दाबले की वरचा मास्टर सिलिंडर तो द्रव ढकलतो, नळीतून तो खालच्या स्लेव्ह सिलिंडरकडे जातो, स्लेव्हचा दट्ट्या बाहेर सरकतो आणि फोर्क दाबतो. फोर्क बेअरिंगला रेटतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्या दाबते, आणि क्लच प्लेट मोकळी होते. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा नियम सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच माणसाने मांडला. ही सगळी यंत्रणा त्याच नियमावर चालते.

घरी एक प्रयोग करून बघा. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरा, तोंडावर बोट दाबून धरा आणि दट्ट्या ढकला. हलणार नाही. आता थोडी हवा आत घ्या आणि पुन्हा ढकला. दट्ट्या स्पंजासारखा आत जाईल. पाणी दबत नाही, हवा दबते. क्लचच्या नळीत हवेचा बुडबुडा असला की पायाचा जोर त्या बुडबुड्याला दाबण्यातच खर्च होतो. स्लेव्हचा दट्ट्या एरवीही जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच सरकतो. त्यातले थोडे जरी बुडबुड्याने खाल्ले तरी क्लच अर्धवटच सुटतो.

(मारुती 800, ओम्नी, अल्टो अशा गाड्यांत क्लचला तार असते. त्यांच्या मालकांनी हा लेख वाचून हवा शोधत बसू नये. त्यांनी तार बघावी.)

हवा शिरते कुठून, हे आधी शोधावेच लागते. द्रव गळत असेल तर हवा काढून उपयोग नाही. आठ दिवसांत पुन्हा तेच. मी डबीतली पातळी बघितली, ठीक होती. पेडलच्या वर मास्टरच्या दांड्याजवळ बोट फिरवले, कोरडे. गाडीखाली जाऊन स्लेव्हवरचे रबरी टोपण मागे सारले, तेही कोरडे. नळीचे नट, रबरी पाइप, सगळीकडे कोरडे. मग दादाला आठवले : पावसाळ्यात वाटेत स्लेव्ह गळायला लागला होता, तेव्हा रस्त्याकडेच्या एका मेकॅनिकने किट बदलले होते. करकर सुरू झाली त्यानंतरच. किट चांगले बसले होते, हवा मात्र पूर्ण निघाली नव्हती. पंधरा-वीस मिनिटांचे काम, घाईत राहून गेलेले.

इथे एक सावधगिरी. कुठेही गळती दिसत नाही, तरीही पेडल दाबून धरल्यावर पायाखाली हळूहळू खचत जाते, असे असेल तर मास्टरमधले रबर आतल्या आत गेलेले असू शकते. त्याला हवा काढणे हा इलाज नाही, मास्टरचे किट बदलावे लागते. ते काम पहिल्यांदाच करणाऱ्याने एकट्याने करू नये.

काम करायला सपाट जागा हवी होती. वस्तीत तशी जागा एकच, विहारासमोरची फरशी. तिथे गाडी नेली तेव्हा एक वयस्क बाबा पुढे आले. "विहारापुढं तेल सांडू नका, पोरं तिथं वंदनेला बसत्यात." त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. आम्ही गाडीखाली पोती अंथरली, त्यावर जुना पत्रा ठेवला. हँडब्रेक ओढला, चारी चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद. सुमो उंच असल्याने जॅक लावावा लागला नाही. ज्यांची गाडी बुटकी आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही. खाली लोखंडी घोडी लावायची, गाडी हलवून बघायची, मगच खाली जायचे. विटांच्या थप्पीवर गाडी ठेवणे म्हणजे स्वतःवर दगड रचून घेणे आहे.

सामान फार लागत नाही. निपलच्या मापाचा रिंग पाना (बहुधा 8, 10 किंवा 11 नंबरचा, आधी लावून बघावा), निपलवर घट्ट बसणारी हातभर पारदर्शक नळी, एक काचेची बाटली, फडकी, पाणी, आणि नवीन, सीलबंद द्रवाची बाटली. चपटा पाना वापरू नका. निपलची कड गोल झाली की पंधरा मिनिटांच्या कामाचे पंधरा दिवस होतात.

आता द्रवाबद्दल जरा सविस्तर, कारण सर्वांत महागड्या चुका इथेच होतात. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो. ते ऑइल नाही. ते ग्लायकॉल जातीचे द्रव आहे आणि आतली रबरे त्याच्याच सवयीची असतात. त्यात इंजिन ऑइल, स्टिअरिंगचे ऑइल, डिझेल किंवा रॉकेल थोडे जरी गेले तरी रबरे फुगतात, मऊ पडतात आणि सगळी यंत्रणा बाद होते. काही गाड्यांत ब्रेकची आणि क्लचची डबी एकच असते; तिथे ही चूक ब्रेकपर्यंत जाते, म्हणजे जिवावर जाते. म्हणून डबीच्या झाकणावर जे लिहिलेले असेल, डॉट 3 किंवा डॉट 4, तेच घालायचे. डॉट 5 हे नाव पुढचे वाटले तरी ती सिलिकॉनची वेगळी जात आहे, ती यात मिसळायची नाही.

दुसरे असे की, हे द्रव हवेतले पाणी ओढून घेते. कोरडे डॉट 3 निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे; पाणी मुरल्यावर तोच आकडा 140 वर येतो. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. म्हणून गेल्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली कपाटात जपून ठेवली असेल तर ती वापरू नका. काटकसर चांगली, पण इथली नव्हे.

तिसरे, हे द्रव रंग खाते. निळ्या 'जयभीम'वर एक ओघळ गेला असता तर अक्षर उठून आले असते. मुलीने न सांगता घरातून जुनी चादर आणून बोनेटवर पांघरली आणि पाण्याची बादली शेजारी ठेवली. सांडले तर नुसते पुसू नये, भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात उडाले तरीही तेच, आणि मग दवाखाना.

आता खरे काम. माय पेडलवर बसायला तयार झाल्या. दादा खाली जाणार हे ठरलेलेच होते, पण मुलगी म्हणाली, "काका, पत्र मी लिहिलं. खाली मी जाते." दादाने माझ्याकडे बघितले, मी मायकडे. माय म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. केस बांधून घे म्हणावं." ती केस बांधून, ओढणी सोडून, बाह्या वर करून गाडीखाली गेली. मीही शेजारी आडवा झालो.

स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाजूला बाहेरच असतो. निपलवरचे टोपण काढून माती ब्रशने साफ केली. आधी रिंग पाना चढवला, मग निपलवर नळी. नळीचे दुसरे टोक बाटलीत, आणि बाटलीत इतके नवीन द्रव की टोक बुडालेले राहील. टोक बुडालेले हवे. नाहीतर काढलेली हवा तिथूनच परत आत जाते.

पुढचा सगळा खेळ दोन माणसांच्या बोलण्याचा आहे. वरचा पेडल हळू, पूर्ण दाबतो आणि ओरडतो, "दाबलं!" खालचा निपल अर्धा आटा सोडतो. द्रव आणि बुडबुडे नळीतून बाटलीत येतात, पेडल तळाशी जाते. खालचा निपल बंद करतो आणि मगच ओरडतो, "सोडा!" हा शब्द ऐकू येण्याआधी पाय उचलला तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत येते. पेडल आपोआप वर आले नाही तर हाताने वर ओढायचे. भराभर पेडल मारायचे नाही. द्रवाचा फेस होतो आणि बारीक बुडबुडे तासभर हटत नाहीत.

पहिल्या तीन-चार वेळा नळीत सोडा-वॉटरसारखे बुडबुडे आले. मुलगी खालून आनंदाने ओरडत होती. वस्तीतली पोरे गाडीखाली डोकावत होती. आणि मीही त्या बाटलीकडेच बघत राहिलो. सगळेच बाटलीकडे बघत होते, वरच्या डबीकडे कोणीच नाही. दहाव्या-अकराव्या वेळी नळीतून पुन्हा नुसती हवा फसफसायला लागली. वर येऊन बघतो तर डबी कोरडी! खालून काढलेली सगळी हवा वरून पुन्हा आत. चाळीस वर्षांचा अनुभव, आणि शिकाऊ पोराची चूक. मी तसे कबूल केले. दर पाच-सहा वेळांनी डबी बघायची आणि भरायची, हे काम एका माणसाला नेमूनच द्यावे. आम्ही त्यानंतर दादाला नेमले.

पण द्रव संपले होते. एका मुलाला मोटरसायकलवर वारंगा फाट्याला पाठवले. तो अर्ध्या तासाने बाटली घेऊन आला, दादाने झाकणही फिरवले. मुलीने बाटली हातातून घेतली आणि बाजूचे लेबल वाचले. स्टिअरिंगचे ऑइल होते. दुकानदाराला मुलाने "गाडीचं ऑइल" एवढेच सांगितले होते, त्याने दिले ते दिले. डबीत ते गेले असते तर मास्टर, स्लेव्ह, रबरी पाइप, सगळे बदलावे लागले असते. दादा काही बोलला नाही. तो स्वतः गाडीवर बसून गेला आणि डॉट 3 ची सीलबंद बाटली घेऊन आला.

पुन्हा सुरुवात केली. साधारण पंधरा वेळा दाबल्या-सोडल्यावर नळीत काळपट द्रवाच्या जागी स्वच्छ पिवळसर द्रव आले, बुडबुडे थांबले. पेडल बरेच घट्ट झाले, पण वरच्या भागात अजून जरा मऊ लागत होते. कुठेतरी एखादा बुडबुडा अडून बसला होता. हवा वर चढते. नळीला उंच वाक असेल किंवा निपल सिलिंडरच्या सर्वांत उंच जागी नसेल तर ती तिथेच दडून राहते. अशा वेळी मी निपल बंद ठेवून, डबीचे झाकण काढून, स्लेव्हचा दट्ट्या फोर्ककडून हाताने सावकाश मागे रेटतो. द्रव उलट वर जाते आणि बुडबुडा डबीत येऊन फुटतो. डबी काठोकाठ भरलेली नको, नाहीतर उतू जाईल. दोनदा रेटल्यावर वरून दादा ओरडला, "आला काका, एक मोठा आला!"

काही गाड्यांत यासाठी स्लेव्ह जागेवरून सोडून तिरका धरावा लागतो. तसे केले तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा : स्लेव्ह सुटा असताना पेडलला कोणी हात-पाय लावायचा नाही. दट्ट्या उडून बाहेर येतो. आणि हल्लीच्या अनेक गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगलाच जोडलेला असतो. तिथे फक्त निपल बाहेर असते, रेटायला काही नसते. त्या गाड्यांना दाब-सोड हाच उपाय, नाहीतर निपल उघडून वीसेक मिनिटे द्रव आपल्या वजनाने ठिबकू देणे. अर्थात डबीवर पहारा ठेवून.

शेवटी निपल बंद केले. मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नव्हे. टोपण बसवले, डबी खुणेपर्यंत भरली, सगळे पाण्याने धुतले. पेडलला वर बोटभर मोकळी चाल आहे ना, तेही बघितले; ती नसेल तर मास्टर पूर्ण मागे येत नाही आणि क्लच कायम अर्धवट दाबलेला राहून खरोखरच प्लेट जळते. दादाने इंजिन चालू केले. क्लच दाबला, रिव्हर्स टाकला. आवाज नाही. पुन्हा टाकला. नाही. मायने विचारले, "झालं का?" मुलगी गाडीखालून बाहेर येत होती, तिच्या कपाळावर काळा पट्टा उमटला होता.

एकूण खर्च द्रवाच्या दोन बाटल्या आणि नळी. चुकीची तिसरी बाटली दुकानदाराने परत घेतली, सील उघडले नव्हते म्हणून. वाचले ते पुरते नऊ हजार.

चहा घेताना ते विहारापुढचे बाबा मुलीला म्हणाले, "पोरीनं गाडीखाली जायचं हे बघितलं नव्हतं." मी त्यांना सांगितले की, बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि युद्धकाळात तंत्रज्ञ घडवण्याची प्रशिक्षण योजना त्याच खात्याकडे होती. पुस्तकाइतकेच महत्त्व पान्यालाही आहे हे त्यांच्या कामातून दिसते. आपण मात्र मुलांना शिकवताना पाना विसरतो, आणि मुलींना तर दाखवतही नाही. मोटार मेकॅनिकचा आय.टी.आय.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. मुलीने त्याची चौकशी केली, मी सांगितली. घरात त्यावर काय ठरले ते त्यांचे त्यांनी बघावे.

निघताना बाटलीतले काळे द्रव कुठे टाकायचे, हा प्रश्न आला. एका मुलाने ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतायला घेतले होते. मी झडप घालून थांबवले. याबाबतीत मी घरच्या माणसांवरही ओरडतो. ग्लायकॉल जातीची काही द्रव्ये चवीला गोडसर असतात आणि मूत्रपिंडे निकामी करतात. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले, ते औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते म्हणून. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने केली. तेव्हा हे द्रव खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीही भरू नका, जुने असो वा नवे. नाल्यात, कालव्यात, बांधावर ओतू नका. मूळच्याच डब्यात भरून, वर लिहून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. नळीतून एकदा निघालेले द्रव, कितीही स्वच्छ दिसले तरी, परत डबीत घालू नका.

विजयादशमीला ती सुमो नागपूरला गेली. हदगाव, पैनगंगेचा पूल, उमरखेड, यवतमाळ, वर्धा, असे सुमारे 300 किलोमीटर. 14 ऑक्टोबर 1956 ला ज्या भूमीवर बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तिथे आत्या खुर्चीत बसून स्तूपाला प्रदक्षिणा घालून आल्या, असे दुसऱ्या पत्रात लिहिले आहे. वाटेत एकदाही करकर आवाज आला नाही, हेही लिहिले आहे, आणि दादा आता दर पाच-सहा दिवसांनी डबीतली पातळी बघतो, हेही.

त्याच पत्रात तिने विचारले आहे की, शेजारच्या एका बोलेरोच्या क्लचची हवा तिने परवा स्वतः काढली, मग ब्रेकची हवाही अशीच काढायची का? बेटा, निपल तसेच असते, नळी तशीच, द्रवही तेच. पण क्लच चुकला तर गाडी जागेवर उभी राहते. ब्रेक चुकला तर ती उभी राहत नाही. चार चाकांचा क्रम असतो, काही गाड्यांना जास्तीचे यंत्र असते, आणि ते शिकायचे तर जाणत्या माणसाच्या शेजारी बसूनच. पुढच्या महिन्यात मी पुन्हा त्या बाजूला येणार आहे. तोवर बोलेरोवाल्याला सांग, ब्रेकच्या निपलला हात लावू नकोस म्हणावे.